दारावरचा पोचा

आमचे हे गॅरेजमध्ये गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढतात. लग्न झाल्यापासून दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही. हल्ली तिथे महायुद्धाच्या आधीचे पिकअप ट्रक येतात. गोल नाक, लाकडी हौदा. लोक नुसते जीव टाकतात त्यांच्यावर. मला विचाराल तर भंगार.

परवा असाच एक आला. यांनी सवयीनं दारावरचा पोचा ठोकून सपाट केला. मालकानं कपाळावर हात मारला. "अहो, तो पोचा बघूनच तर ट्रक घेतला होता मी! होता तसा करून द्या."

झालं! ज्या हातोडीनं काढला, तिनंच परत पाडत बसले. मनगट सुजलंय, पाठ धरलीय, आणि या वयात हे धंदे!

संध्याकाळी घरी आले, चहासुद्धा मागितला नाही. मी विचारलं, "जमला का एकदाचा?"

"जमला. मालक त्यावरून हात फिरवून म्हणाला, वा, काय हात आहे तुमचा!"

"मग तोंड का उतरलंय?"

"जन्मभर पोचे काढले गं. सपाट केलेल्या पत्र्यावरून कुणी कधी हात फिरवला नाही."