जानूनं दोनदा लिहिलेलं उत्तर

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी जानूला फसवलं. सौदा मी जमवला होता, शब्द मास्तरांनी दिला होता आणि लिहिलं होतं जानूनं. आधी हे सांगून टाकतो. गेल्या महिन्यात जानू वारला, आणि माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडगोड लिहायची जी रीत आहे तिच्यात ही गोष्ट बुडून जाईल, म्हणून.

बातमी कळली तेव्हा मी खोडाळ्याच्या बाजारात होतो. खुरासणीच्या भावावरून एकाशी माझी जुंपली होती. तेवढ्यात सूर्यमाळकडचा एक ओळखीचा माणूस मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "शेट, तुमचे जानू गुरुजी गेले. काल सकाळी." मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तरी समोरच्याला पुढचा भाव सांगितलाच. तोंडाची सवय. भाव करणारा मात्र बिचारा गोंधळून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेट, तुमचाच भाव घ्या." आयुष्यात पहिल्यांदा मी जिंकलेला माल तिथेच टाकून निघालो. पाड्यावर पोचलो तर सगळं उरकलेलं. जानूची बायको ओट्यावर बसली होती. मला पाहून एवढंच म्हणाली, "तुमची वाट पायली, पन जास्त नाय थांबवता आला."

जानू सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरचा, मी खोडाळ्याचा. दोघं शेतकऱ्यांची पोरं, फक्त त्यांची जमीन उताराची आणि आमची जरा सपाटीची. जव्हारच्या बोर्डिंगात आम्ही भेटलो ते विलीनीकरणाच्या सुमाराला. संस्थान गेलं म्हणजे काय झालं ते आम्हा पोरांना नीट कळलं नव्हतं. शाळेत पेढे वाटले, भिंतीवरची राजांची तसबीर उतरली, तिथे चुन्याचा एक पांढरा चौकोन राहिला, आणि काही दिवसांनी बाहेरून नवे मास्तर येऊ लागले. आमचे इंग्रजीचे मास्तर त्यांच्यातलेच. तरुण, स्वच्छ धोतर-कोट, आवाज गोड. खोटं कशाला बोलू, शिकवायचे चांगलं. शाळेचा निकाल वर न्यायचा हे त्यांनी मनावर घेतलं होतं. इंग्रजी आम्हाला आठवीत भेटलं आणि अकरावीत त्याच्यावरच नशीब ठरणार होतं. बोर्डाच्या परीक्षेआधी शाळेची टेस्ट व्हायची. टेस्टमध्ये जो नापास, त्याचा फॉर्म शाळा पुढे पाठवत नसे. फॉर्म नाही म्हणजे मॅट्रिक नाही, आणि मॅट्रिक नाही म्हणजे परत डोंगर.

पेपरात न शिकवलेला एक इंग्रजी उतारा असायचा, त्याच्यावर खाली प्रश्न. पोराला वाचलेलं कळतं की नाही, हे त्यावरून ठरायचं. मला कळायचं नाही. पण एक गोष्ट मी लवकर हेरली होती. प्रश्नात जे शब्द आहेत तेच उताऱ्यात कुठे आहेत ते शोधायचं आणि ते अख्खं वाक्य उचलून खाली लिहायचं. अर्थ गेला उडत. दहातले सात मार्क हमखास. जानू मला हसायचा. "शेट, तू वाचीत नाय, तू बाजार करतोस," म्हणायचा. शेट हे नाव मला तेव्हाच पडलं, पेन्सिलीच्या बदल्यात पेरू घेण्यावरून. जानूची तऱ्हा वेगळी. तो उतारा दोनदा सावकाश वाचायचा आणि मग बोर्डिंगात भाकऱ्या भाजणाऱ्या बाईपुढे उकिडवा बसून तिला तो आपल्या बोलीत सांगायचा. एकदा समुद्रातल्या दिव्याच्या मनोऱ्यावर एकटा राहणाऱ्या म्हाताऱ्याचा उतारा होता. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला पियाचा पानी कोन आनून देतो?" जानूनं उतारा पुन्हा चाळला. पाण्याचं कुठे काही नव्हतं. त्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी अर्धा दिवस दरीत उतरतात, त्याला तो प्रश्न सोडवेना. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यानं मास्तरांनाच विचारलं. पोरं हसली. मास्तरही हसले, मग म्हणाले, "उताऱ्यात नाही ते विचारायचं नसतं." जानू खाली बसला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "म्हंजे ह्यांना पन ठावं नाय."

अकरावीच्या टेस्टला जो उतारा आला तो कुण्या साहेबानं लिहिलेला होता. साहेब डोंगरातून फिरला होता आणि तिथल्या लोकांविषयी त्यानं लिहिलं होतं. हे लोक पावसाच्या आधी शेतात पाला आणि फांद्या पसरून जाळतात, जमीन काळी करून टाकतात, धूर करतात, आणि हे सगळं अज्ञानापोटी करतात… असा एकूण सूर. म्हणजे आमचा राब. आमच्याकडे आजही पेरणीआधी शेताचा एक तुकडा पालापाचोळा, शेण, फांद्या घालून भाजतात. त्या भाजलेल्या मातीत नागलीचं, भाताचं रोप तरारून येतं आणि तण डोकं वर काढत नाही. माझ्या बापानं हेच केलं, जानूच्या बापानं हेच केलं. खाली तीन मार्कांचा प्रश्न होता, हे लोक पाला का जाळतात? मी सवयीप्रमाणे शब्द शोधले, वाक्य सापडलं, उतरवलं. बिकॉज दे आर इग्नरंट. कारण ते अज्ञानी आहेत. तीनपैकी तीन. इग्नरंटचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला, आणि कळल्यावरही मी ते मार्क परत करायला गेलो नाही.

जानूनं अर्धं पान लिहिलं होतं. स्वच्छ, बाकदार अक्षरात, आणि अशा इंग्रजीत की आमच्या वर्गात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. राब कशासाठी भाजतात, कुठल्या झाडाचा पाला चालतो, आगीनं जमिनीतल्या तणाचं बी कसं मरतं, आणि शेवटी एक ओळ की हे साहेब बहुतेक राब भाजल्यावर आले आणि पाऊस पडायच्या आत निघून गेले, नाहीतर रोप त्यांना दिसलं असतं. मास्तरांनी त्या अर्ध्या पानावर लाल रेघ ओढून शून्य दिलं. इंग्रजीत जानू दोन मार्कांनी नापास झाला. उतारा ज्याला सगळ्यांत जास्त कळला होता तोच, उतारा कळत नाही म्हणून बाहेर.

मी त्याच्यावर भडकलो. "अरे, उत्तर तिथंच होतं ना? उचलायचं आणि टाकायचं!" तो शांतपणे म्हणाला, "मना वाटला त्यांना खरंच ठावं नाय. ज्याला ठावं हाय तो कशाला इचारल?" त्यानं आयुष्यात असा माणूस पाहिला नव्हता जो उत्तर माहीत असताना प्रश्न विचारतो. त्यांच्या घरी कुणी विचारलं की बैल कुठे गेला, तर त्याला बैल खरंच हवा असायचा.

शाळा सुटल्यावर मी एकटाच मास्तरांकडे गेलो. सोळा-सतरा वर्षांचा असेन, पण भाव करायला लाज नव्हती. पाया पडलो, गयावया केली, आणि मग मुद्द्यावर आलो. "सर, एकाच प्रश्नाचं आहे. ते तेवढं त्यानं पुन्हा लिहिलं तर?" मास्तरांनी गठ्ठ्यातून जानूचा पेपर वर काढला. म्हणाले, "उताऱ्यात आहे तेच लिहील?" मी म्हटलं, "लिहील." "मग लिहून आण. फॉर्म जाईल." मी पुन्हा विचारलं, "नक्की जाईल?" कुणाचाही शब्द दोनदा घ्यायची खोड मला तेव्हापासूनची. ते म्हणाले, "शब्द दिला ना तुला."

जानू तयार होईना. वर्गात आम्ही दोघंच होतो, बाकं सरकवून झाडलोट झालेली, धूळ अजून खाली बसायची होती. कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "माझा बा अडानी हाय, असा लिहू?" मी म्हटलं, "तीन मार्कांपुरता. पास झाला की तुझा बा पुन्हा शहाणा." असं बोललो मी. हसत हसत बोललो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. टाक बुडवला आणि ते एक वाक्य लिहिलं. सहा वर्षांत त्याचं अक्षर मी इतकं वाईट कधी पाहिलं नव्हतं. कागद त्यानं माझ्या हातात दिला नाही, स्वतः नेऊन मास्तरांच्या टेबलावर ठेवला. मास्तरांनी वाचला, ड्रॉवर उघडला, आत टाकला. म्हणाले, "शाबास. आता अभ्यासाला लाग."

तो खरंच लागला. दीड महिना त्यानं जो अभ्यास केला तो मी पाहिला आहे. मग बोर्डाच्या परीक्षेचे बैठक-नंबर आले. यादी फळ्यावर लागली. माझं नाव होतं, जानूचं नव्हतं. मला वाटलं चुकून राहिलं असेल. मास्तरांकडे धावत गेलो. ते म्हणाले, "त्याचा फॉर्म गेलेला नाही." एवढंच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, दौत कलंडली. ते तसेच गोड आवाजात म्हणाले, "तुझा नंबर आलाय ना? तो टिकवायचा असेल तर बाहेर जा." आणि मी बाहेर गेलो… हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या तापट डोक्याचे किस्से बाजारात लोक अजून सांगतात, पण ज्या दिवशी ते डोकं तापायला हवं होतं त्या दिवशी ते थंड पडलं.

मी परीक्षा दिली, पास झालो. त्या इंग्रजीचा उपयोग मला पुढे गोणीवरचे शिक्के वाचण्यापुरता झाला. जानू सातवीच्या फायनल परीक्षेवर, तेव्हा तेवढ्यावर घेत, प्राथमिक शाळेत गुरुजी म्हणून लागला, आपल्याच डोंगरात. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा बस. तो म्हणाला, "पुन्हा लिवायला लावतील. येकदा लिवला, बस." मॅट्रिक नाही म्हणून तो जिथे लागला तिथेच राहिला. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं शाळा-तपासनीस होऊन त्याची तपासणी करायला आली. तो त्यांना चहा करून द्यायचा. माझ्याशी त्यानं या विषयावर फक्त एकदा तोंड उघडलं. खोडाळ्यात चहा पीत बसलो होतो. मीच विचारलं, "तुला माझा राग येत नाही?" बशीत फुंकर मारत तो म्हणाला, "तू भाव बरोबर केलास रे शेट. माल कुजका निघाला." आणि मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही, अजून येत नाही.

मास्तरांनी तसं का केलं, याच्यावर मी तीस वर्षं डोकं घातलंय. निकालासाठी म्हणावं, तर जानू पास होणाराच होता. कुणा वरच्याची भीती म्हणावी, तर मग कागद लिहून कशाला घेतला? त्या अर्ध्या पानातली शेवटची ओळ लागली म्हणावं, तर शब्द कशाला दिला? एकही उत्तर पुरं पडत नाही. आता थकलो. भांडायचा जोर पूर्वीसारखा राहिला नाही, पण हे सोडवतही नाही.

परवा जानूच्या शाळेत जाऊन आलो. एकच खोली, शेणानं सारवलेली, दारात चपला. त्याच्या जागी एक तरुण गुरुजी आलेत, चांगला मुलगा आहे, पण वैतागला होता. म्हणाला, "काका, ही पोरं भारी वात्रट आहेत. मी विचारलं, सूर्य कुठल्या दिशेला उगवतो, तर सगळी गप्प. मग एक मुलगी उठून म्हणते, गुरुजी, तुमाला ठावं नाय का?" मी त्याला सांगितलं की ती वात्रट नाहीत. जुने गुरुजी पोरांना फक्त स्वतःला माहीत नसलेलं विचारायचे. तुझ्या घरचा राब भाजून झाला का, तुझी आजी आज खोकली का, या न उघडलेल्या पत्रात काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. वाचता येतं की नाही ते जानू असंच तपासायचा. पत्र ऐकून तो खरंच खूश व्हायचा किंवा खरंच काळजीत पडायचा, आणि पोराला कळायचं की आपण बरोबर वाचलं. त्या मुलीनं मला सूर्य दाखवला, कौलाच्या फटीतून.

मास्तर हयात आहेत. निवृत्त होऊन शहरात राहतात. त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनी मध्यंतरी त्यांचा सत्कार केला, मलाही बोलावणं होतं, मी गेलो नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी, जिच्यात मी हे लिहितोय, ते वाचतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा सर, इथेच विचारतो. तुम्हाला नमवायचं नाही, माफीही नको, ती ज्याची मागायची तो माणूस गेला. कागद तुम्ही मागितलात, एका पोरानं बापाला अडाणी म्हणून तो तुमच्या टेबलावर ठेवला, तुम्ही वाचून ड्रॉवरमध्ये टाकलात. मग फॉर्म का पाठवला नाहीत? परवा शाळेतून तिच्याकडे गेलो तेव्हा जानूच्या बायकोनं मला हेच विचारलं आणि मी मान खाली घालून उठून आलो. पत्रानं कळवा, छापून कळवा, नाहीतर पाड्यावर जाऊन तिला सांगा, वाट मी दाखवतो. पण उत्तर द्या.