फळ्यावरचा चौथा रकाना

एका माणसाचा चेहरा चारचौघांत पडलेला मला बघायचा होता. ही इच्छा मी जवळजवळ वीस वर्षं सांभाळली. घरात सांगितली नाही, बायकोलाही नाही. वरवर मी त्या माणसाशी नीट बोलत असे. त्याच्या आईच्या मातीला स्मशानात गेलो, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलंही. आणि प्रत्येक वेळी मनात एकच होतं की एक दिवस तुला बघतो.

तो आमच्या पेठेतल्या तालमीचा सेक्रेटरी. सगळे त्याला सेक्रेटरीच म्हणतात. तालमीत आता लाल माती अंगाला लावणारे थोडेच उरलेत. गणपती, फुटबॉलचा संघ, रक्तदान, आणि निवडणूक आली की उमेदवारांच्या भेटी, यावर तालीम चालते. अध्यक्ष म्हणजे आमचे वस्ताद. वय झालंय, पण अजून पेठेत त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवत नाही.

तालमीच्या दारात एक काळा फळा आहे. कोणाची माती किती वाजता, पाणी कुठल्या दिवशी येणार नाही, कालच्या मॅचमध्ये कोणी गोल मारला, सगळं त्यावर लिहिलं जातं. फळ्याचे दोन नियम आहेत. लिहिणाऱ्याचं नाव खाली घालायचं नाही. आणि लिहिलेल्यात दुरुस्ती करायची नाही. नवा मजकूर येईपर्यंत जे आहे ते तसंच राहतं. त्यामुळे फळ्यावरचा शब्द कोणा एकाचा नसतो, तो तालमीचा असतो. मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवतो. अक्षर बरं आहे. म्हणून गेली दहा-बारा वर्षं खडू माझ्या हातात आहे.

आता सेक्रेटरीनं काय केलं होतं ते सांगतो. एका वर्षी विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची मारामारी झाली. पोलिसांनी तालमीकडे नावं मागितली. सेक्रेटरीनं चौदा नावं दिली. त्यातले तेरा जण मारामारीत होते. चौदावा खरं तर त्याचा मेहुणा होता, पण त्याच्या जागी सेक्रेटरीनं माझ्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं. भाऊ त्या वेळी तालमीच्या मागे पुलावाच्या पातेल्यापाशी झारा घेऊन उभा होता. नाचून येणाऱ्या पोरांसाठी तो पुलाव होता. आम्हाला वडील नव्हते, भाड्याच्या खोलीत राहत होतो. आमच्या बाजूनं आरडाओरडा करायला कोणी येणार नाही, एवढा हिशेब त्यानं केला होता. भाऊ पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत पास झाला होता. ती भरती तिथेच संपली.

केस मात्र संपली नाही. तारखांवर तारखा पडत राहिल्या. कधी साक्षीदार नाही, कधी साहेबांची बदली. भाऊ एमआयडीसीतल्या फौंड्रीचा माल टेम्पोतून ने-आण करू लागला. कंबर गेली. गेल्या वर्षी एका शाळेनं त्याला बसवर घ्यायची तयारी दाखवली. वेळेत घरी येणं, रविवारी सुट्टी, त्याला फार हवं होतं ते काम. पण शाळेला पुढच्या जूनच्या आत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पाहिजे होता, आणि नावावर केस असताना तो मिळेना.

त्याच सुमारास विधानसभेची निवडणूक लागली.

वस्तादांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "सर, दर बारीला ह्यो येतोय, हार घालतोय, त्यो येतोय, हार घालतोय. कोन काय करनार हाय त्ये कुनालाच म्हाईत न्हाय. तुमी शिकलेलं हाय. चारी पक्षांचं चार रकान्यात मांडा की. पोटापान्याचं काय, लाइटीचं काय, घरफाळ्याचं काय, आनि गुन्हेगारीचं काय. कुनाची बाजू घिऊ नका."

"घेणार नाही," मी म्हणालो. म्हणताना खरंच तसं वाटत होतं.

आठ दिवस मी चारही जाहीरनामे वाचले. क्लासमध्ये मुलांना मी हेच शिकवतो: तुलना करायची तर सगळ्यांना एकच माप लावा. एकाचं छापील धोरण घेतलंत तर दुसऱ्याचंही छापीलच घ्या. काम मनापासून चाललं होतं. उद्योगधंद्यावर चौघांचं बहुतेक सारखंच होतं. एकजण फौंड्रीवाल्यांना सवलत देणार होता, दुसरा छोट्या दुकानदारांना कर्ज. विजेवर दोघांना शेतीला दिवसा वीज द्यायची होती, एकाला घरावर सौर पॅनेल बसवायचे होते, आणि एक नवे मीटर बसवू देणार नव्हता. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, वाढवणार नाही असं चौघंही म्हणत होते, पण पैसा कुठून आणणार हे फक्त एकानं लिहिलं होतं. तो पक्ष सेक्रेटरीचा होता. ते वाचून मला राग आला. त्याच्या पक्षात काही बरं असावं हेच मला सहन होत नव्हतं. तरी मी ते जसंच्या तसं उतरवलं.

मग गुन्हेगारीची ओळ आली. पहिले तीन पक्ष कॅमेरे, गस्त, नवी चौकी यांवर बोलत होते. सेक्रेटरीच्या पक्षानं लिहिलं होतं, की सण-उत्सव आणि आंदोलनांत तरुणांवर दाखल झालेले जुने किरकोळ खटले, कोणाला गंभीर इजा झालेली नसेल तर, तपासून मागे घेण्यासाठी समिती नेमू.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या केसमध्ये गंभीर इजा कोणालाच नव्हती. हे वाक्य माझ्या भावासाठीच लिहिल्यासारखं होतं, आणि ते मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. नंतर समजलं असं मी कोणाला सांगितलं तर ते खोटं ठरेल.

पण त्याच आठवड्यात त्या पक्षाचा उमेदवार चौकातल्या सभेत जोशात येऊन बोलून गेला होता, "आपल्या पोरांनी चार काठ्या मारल्या तर मारल्या, पोलिसांनी डोळे झाकावेत." टाळ्या पडल्या होत्या. मोबाइलवर ते सगळीकडे फिरत होतं.

सकाळी सहाला मी तालमीत गेलो. ओल्या फडक्यानं फळा पुसला, वाळू दिला, रेघा मारल्या. पंधरा चौकोन मी जाहीरनाम्यांतून भरले. सोळाव्यात, चौथ्या रकान्याच्या तळाशी, ते भाषण लिहिलं. समितीचा शब्दही घातला नाही. एक अक्षर खोटं लिहिलं नाही आणि तरी जेवढं खोटं करता येईल तेवढं केलं. त्या चौकोनातलं अक्षर सगळ्यांत सुंदर आलं होतं.

आठपर्यंत फळ्यापुढे गर्दी झाली. दूध घेऊन जाणारे थांबले, फुटबॉलचा सराव करून आलेली पोरं थांबली. एकजण मोठ्यानं वाचत होता. शेवटच्या ओळीवर हशा झाला.

"व्हय सेक्रेटरी, काठ्या इकायचं दुकान काढताय काय?"

"पक्षाचं चिन्ह बदलून घ्या की मग. काठीच घ्या."

सेक्रेटरी नुकताच स्कूटर लावून आला होता. त्यानं वाचलं. मी समोरच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात धरून त्याच्याकडे बघत होतो. त्याच्या गालाचं मांस खाली उतरलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. मग नजर वळवून मला शोधलं. मी ग्लास किंचित वर केला.

तो चहा मला अजून आठवतो. इतकी गोड चव मला पुन्हा कशाची लागली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण ती चव खोटी होती असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी तालमीची बैठक होती. सेक्रेटरीनं पिशवीतून एक कागद काढला. समितीसाठी पक्षाकडे आतापासूनच जुन्या खटल्यांची पत्रं गोळा होत होती. शहरातल्या इतर तालमींनी दिली होती. त्या कागदावर आमच्या पेठेतली चौदा नावं होती. खाली सगळ्यांच्या सह्या. तालमीचा शिक्का आणि वस्तादांची सही तेवढी बाकी होती. चौदाव्या सहीवर माझी नजर गेली. ती माझ्या भावाची होती. मला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं.

वस्तादांनी कागद लांब धरून वाचला. "सेक्रेटरी, सकाळी आपल्याच फळ्यावर काय हाय त्ये वाचलं न्हवं सगळ्या पेठंनं? आता ह्यावर शिक्का मारला तर लोक म्हनतील, तालीम गुंडांच्या मागं उभी ऱ्हायली."

"समिती येगळी, त्ये भाषन येगळं, वस्ताद. जाहीरनाम्यात समितीच हाय."

"मग फळ्यावर का न्हाय?"

सेक्रेटरी माझ्याकडे वळला. "सरांनाच इचारा. सर, खोटं लिवलंय का खरं?"

दहा-बारा माणसं होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की समितीचं राहिलं, चूक माझी. एका वाक्याचं काम. मी म्हणालो, "फळ्यावर खोटं काही नाही."

सेक्रेटरीनं कागदाची घडी घातली. "बरं," म्हणाला, आणि पिशवीत ठेवला.

भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. आत बसला नाही, दारातच उभा राहिला.

"जाहीरनामा तू वाचलातास न्हवं, दादा?"

"वाचला होता."

"समितीचं?"

"तेही."

"मी त्येच्या घरी गेलतो," तो म्हणाला. "सही करायला. एवढ्या वर्सांत पयल्यांदा त्येच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. किती जड गेलं म्हाईत हाय तुला? त्येनं पानी दिलं, मी पिलो. पोरांची बस चालवायला मिळतीया म्हनून पिलो. आनि तू हितं बसून माझा सूड उगवतूयास."

"तुझ्यासाठीच केलं रे."

"माझ्यासाठी न्हाय. माझं मी कवाच सोडलतं. तुझं तुझ्यासाठी केलंस."

तो गेल्यावर मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आधी राग आला. त्यानं सेक्रेटरीच्या घरचं पाणी प्यायलं याचा.

सेक्रेटरीचा पक्ष निवडून आला. समिती नेमली गेली. बाकीच्या तालमींच्या पोरांच्या केसेस एकेक करून मागे घेतल्या जात असल्याचं कानावर आलं. आमचा कागद सेक्रेटरीच्या पिशवीतच होता. शेवटी मार्चमध्ये मी त्याच्या घरी गेलो. त्यानं मला बसायला सांगितलं नाही. मीही बसलो नसतो.

"पत्र पुढं पाठवा," मी म्हणालो. "तेरा जण आणखी आहेत त्यात."

"तेरा हायेत म्हनूनच फाडलं न्हाय," तो म्हणाला. "पन शिक्का कसा बसंल? फळ्यावरचं अजून लोकांच्या ध्यानात हाय. तुमी लिवा. समितीचं पुरं वाक्य लिवा, त्ये कुनी गाळलं त्ये लिवा, आनि खाली तुमचं नाव घाला."

"फळ्यावर नाव घालत नाहीत."

"म्या तरी कुटं सोपं मागतूय? व्हय, तुमच्या भावाचं मीच केलंतं. मेहुन्याला वाचवलं. त्येबी तुमाला म्हाईत हाय, मलाबी हाय. पन त्येची माफी मी तुमच्याकडं मागनार न्हाय. तुमी ती घिनार न्हाय."

त्याचं बरोबर होतं. मी घेतली नसती.

वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "नियम मोडतूय. पन मोडल्याबिगर पोरांच्या केसा निघत न्हाईत. लिवा."

पुन्हा सकाळी सहाला मी फळा पुसला. समितीचं वाक्य लिहिलं. गेल्या वेळी हे मी जाणूनबुजून गाळलं असं लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आठ वाजता तीच माणसं जमली. कोणी हसलं नाही, ते हसले असते तर बरं झालं असतं. क्लासमधला एक विद्यार्थी सायकलवरून चालला होता, तो थांबून वाचू लागला. मी पाठ फिरवली.

हातात खडू उरला होता. नावाखाली अजून एका ओळीची जागा होती. चौदावं नाव कोणी आणि कोणाला वाचवायला दिलं, हे त्या ओळीत मावलं असतं. शब्दसुद्धा मनात तयार होते. भाऊ तेवढ्यात तालमीत आला. फळा वाचला, मग माझ्या हातातल्या खडूकडे बघितलं.

"न्हाय, दादा," एवढंच म्हणाला.

मी खडू खिशात टाकला. मनात म्हणालो, आधी शिक्का बसू दे.

वस्ताद, सेक्रेटरी आणि भाऊ आत गेले. मी मागोमाग निघालो तर भाऊ दारात वळून म्हणाला, "तू भाईरच थांब." मी बाहेर थांबलो, माझ्याच नावासमोर. आतून शिक्क्याचा आवाज आला. पत्र गेलं. तेरा जणांबरोबर भावाची केसही निघेल असं सांगतात; अजून निघालेली नाही. शाळेनं जूनमध्ये दुसरा माणूस ठेवला. भाऊ टेम्पोच चालवतो, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

फळा आता दुसऱ्याकडे आहे. त्याचं अक्षर बरं नाही. तालमीवरून जाताना मी रोज वाचतो, आणि ती न लिहिलेली ओळ मला अजून पाठ आहे.