उलटा फिरणारा पाळणा

पट्टा जळाल्याचा वास सगळ्यात आधी मला आला. मग इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला, आणि वर चढत आलेला पाळणा क्षणभर थांबून मागं फिरला. भरलेल्या पेट्या ज्या वाटेनं वर गेल्या होत्या, त्याच वाटेनं सरसर खाली आल्या. पाळण्याचे मालक छगनभाई ब्रेकच्या दांड्यावर अख्खे लटकले. पाळणा खाली येऊन डुलत डुलत थांबला आणि मी धावत सुटलो.

धावताना डोक्यात एकच. कुणाला लागलं असेल तर या पाळण्याला पास करणारा मीच. मी तेव्हा डहाणूला पी.डब्ल्यू.डी.त ओव्हरसियर होतो. पेटीची दांडी काढून मी विचारलं, "लागलं का हो कुणाला?"

आत कैनाडच्या एका पाड्यावरची मंडळी होती. त्यांचे म्होरके जानूबाबा डोक्यावरचं फडकं सावरत म्हणाले, "नाय लागला. परत तसाच उलटा फिरव ना, साहेब. मजा आली."

मागच्या पेटीतल्या बायका हसून हसून वाकल्या होत्या. 

ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची. डोंगराखाली देवीची चैत्री जत्रा भरायची. ओव्हरसियरचं काम म्हणजे रस्ते, मोऱ्या, सरकारी इमारतींची डागडुजी. पण जत्रा आली की मांडव, तात्पुरते पूल आणि पाळणे तपासायचं कामही आमच्याच गळ्यात पडायचं. बाकीचे ओव्हरसियर या कामाला नाक मुरडत. मी ते मागून घ्यायचो. कारण सरळ आहे, मला पाळण्याचं वेड होतं, आणि ते अजूनही आहे. नातवंडांना न्यायच्या निमित्तानं मी आजही रांगेत उभा असतो.

वेडा मी एकटा नव्हतो. डहाणू स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात आमची एक कमिटीच होती म्हणा ना. पार्सल ऑफिसातला चुरी, बोर्डीचे ड्रॉइंग मास्तर सावे, आणि मी. होळी झाली की आमच्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा. कुठल्या जत्रेत काय नवीन आलं, घोड्यांची चक्री किती वेगानं फिरते, असलंच सगळं. गुजरातकडून येणाऱ्या गाड्यांचे गार्ड चुरीला बातम्या पुरवत. एकदा तो सांगत आला की तिकडे लाकडी विहिरीच्या भिंतीवर एक माणूस मोटारसायकल फिरवतो. सावे मास्तरांचा विश्वास बसेना. त्यांनी खडूनं टेबलावर चित्र काढून, मोटारसायकल पडलीच पाहिजे हे सिद्ध केलं. चुरी दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

पाळणा मोजायचं आमचं माप होतं पोटातला गोळा. गोळा किती मोठा येतो, चढताना येतो की उतरताना, आणि उतरल्यावर किती वेळ राहतो. आमच्या जत्रेत तोवर लाकडी हातपाळणा यायचा. चारच पेट्या, आणि दोन माणसं हातानं फिरवायची. सावे मास्तरांच्या मते त्यात गोळा येतच नसे, आला तर तो भज्यांचा.

आणि त्या वर्षी चुरीनं बातमी आणली की छगनभाई नावाचे एक गृहस्थ इंजिनावर चालणारा लोखंडी पाळणा घेऊन येताहेत. तलासरीच्या बाजूनं ट्रक निघालासुद्धा. मामलेदार साहेबांना ही भानगड नको होती. "इंजिन, लोखंड आणि गर्दी, काही झालं तर जबाबदार कोण?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "मी टेस्ट घेतो साहेब, पास झाला तरच उभा राहील." एवढं बोलून मी त्यांना राजी केलं होतं.

टेस्ट मी कसून घेतली. प्रत्येक पेटीत माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरली, आणि वर थोडी जास्तच. पाळणा तासभर फिरवला. नट-बोल्ट पाहिले, आस पाहिला, ब्रेक पाहिला. पाळणा लोण्यासारखा फिरला. मी खूश, छगनभाई खूश.

मग माणसं बसल्यावर झालं काय? ते सांगतो, सोपं आहे. पाळण्याला ताकद लागते ती माणसांना उचलायला नव्हे. समोरासमोरच्या पेट्यांत सारखं वजन असलं की एक बाजू दुसरीला उचलते, इंजिनानं नुसतं ढकलायचं. म्हणून भरताना एक पेटी भरायची, पाळणा अर्धा फिरवायचा, समोरची भरायची. एकाच बाजूला सगळे बसले तर जड बाजू खाली राहणार. ती वर न्यायला इंजिन जोर करतं, चाकावरचा पट्टा घसरतो, आणि पाळणा मागं येतो.

"छगनभाई, तुम्हाला एवढं माहीत नाही?" मी तापलोच होतो.

"माहीत छे साहेब, बधू माहीत छे," ते कपाळ पुसत म्हणाले. "आमच्याकडे शहरात माणूस तिकीट काढते, बोलावला तिथे बसते. इथे आखू गाम साथे येते, हात पकडून. पहिल्या पेटीत चार बसले, मी अर्धा फिरवला, तर बाकीचे ओरडले, आमचे माणूस कुठे नेला? वरचे उतरायला बघतात. मी काय करू?"

खरंच होतं ते. पाड्यावरची माणसं जत्रेला एकत्र येत, एकत्र जेवत, एकत्र पाळण्यात बसत. हातपाळण्यात चारच पेट्या, अख्खा पाडा एकदम मावायचा आणि चारी पेट्या आपोआप भरायच्या. नव्या पाळण्यात पेट्या जास्त, त्यामुळं त्याच माणसांनी एकच बाजू भरली. एकमेकांना खेटून, शेजारशेजारच्या पेट्यांत. वाळूची पोती मी म्हणेन तिथं बसली होती, त्यांना हात धरायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात मामलेदार साहेबांचा शिपाई बोलवायला आला. साहेब तंबूत पंख्यानं वारा घेत बसले होते.

"पाळणा मागं फिरला म्हणे?"

"हो साहेब. पट्टा घसरला. कुणाला इजा नाही."

"आज झाली नाही. उद्या दुपारी मी सहकुटुंब येतोय. तोवर नीट झाला तर ठीक. माझ्यासमोर मागं आला तर मी सील ठोकणार, आणि जत्रा संपेपर्यंत काढणार नाही."

छगनभाईंना हे सांगितलं तेव्हा ते खालीच बसले. "साहेब, पहिल्या जत्रेला सील लागला, तर पुढची कुठली जत्रा मला उभा करेल?" त्यांनी वडिलांची घोड्यांची चक्री मोडून हा पाळणा बांधला होता. मला त्यांची फार कीव आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाळणा माझ्याच डोळ्यांदेखत बंद पडणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचतो तो पाळण्याभोवती ही गर्दी. पुढं चुरी आणि सावे मास्तर. मागं स्टेशनवरची निम्मी मंडळी.

"काय रे, एवढी मोठी गोष्ट आणि आम्हाला सांगितली नाहीस?" चुरी माझ्यावर चिडला होता. "पाळणा उलटा फिरतो म्हणे. अख्ख्या स्टेशनात तोच विषय आहे."

"अरे, ती सोय नाही. बिघाड आहे तो."

"असू दे की. गोळा येतो ना?"

सावे मास्तर गंभीर होते. "मी रात्रभर विचार केला. चढताना गोळा येतो तो अर्धवट राहतो, आणि उलटा आला की त्याच्यावर दुसरा येतो. म्हणजे डबल. असा पाळणा मुंबईलासुद्धा नसेल."

"एक तर अर्धा येतो, पूर्ण डबल कसा होईल?" चुरी म्हणाला, आणि दोघांची जुंपली. मी कपाळाला हात लावला. सील लागायची वेळ आली होती आणि ही दोघं दीड गोळा की दोन गोळे यावर भांडत होती.

मी कामाला लागलो. आधी छगनभाईंना सांगितलं, नियम म्हणजे नियम, अर्धा फिरवून समोर दुसरी माणसं बसवायची. पहिल्याच फेरीला अस्वालीच्या एका पाड्यावरची मंडळी होती. चौघं बसली, पाळणा अर्धा फिरला, समोर अनोळखी माणसं बसायला लागली. वरच्या पेटीतली म्हातारी ओरडली, "माझी पोरा कुठं गेली?" खालून पोरं ओरडली. पाळणा परत खाली आणून सगळ्यांना उतरवावं लागलं.

मग मी पोती काढली. माणसं हवी तशी शेजारशेजारी बसू देत, समोरच्या पेट्यांत वाळू. पाळणा झकास फिरला, पण निम्म्या पेट्या वाळूनं अडवल्या, आणि दर फेरीला पोती चढवून उतरवून छगनभाईंच्या माणसांची फेफे उडाली. रांगेतला एक जण म्हणाला, "आमी तिकीट काढून उभे, न् गोणी फुकट बसते." लोक खो खो हसले. छगनभाईंना हसू आलं नाही.

दुपार होत आली होती. कुंपणाशी जानूबाबांची सगळी मंडळी सावली धरून बसलेली दिसली. कालची मजा चाखलेली माणसं आज रांगेत कशी नाहीत, म्हणून मी गेलो.

"आज बसायचं नाही का?"

"बसू ना," जानूबाबांच्या बायको म्हणाल्या. "आमची सोनी रानशेतला दिली. तिची माणसा यायचीत. त्यांच्यासंगंच बसू."

"त्यांच्याबरोबर? म्हणजे दोन्ही पाडे एकदम?"

"मग काय? व्याही हायेत ना."

मी पाळण्याच्या समोरासमोरच्या पेट्यांकडे पाहिलं. मग एकदम अंगात वारं शिरल्यासारखा धावत छगनभाईंकडे गेलो. म्हटलं, अर्धा पाळणा कैनाड, अर्धा पाळणा रानशेत. कैनाडची एक पेटी भरा, अर्धा फिरवा, समोर रानशेतची भरा. कुणी ओरडणार नाही, कारण समोर परके नाहीत, सोयरे आहेत. आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या लोकांच्या शेजारीच राहतात.

छगनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पाळण्याकडे. "वेवाई," ते हळूच म्हणाले. व्याह्यांना गुजरातीत तेच म्हणतात.

रानशेतची मंडळी आली. सोनीचे सासरे लाडक्याबाबा पुढं होते. आम्ही भरायला सुरुवात केली. पहिली पेटी वर गेली, समोर रानशेतचे बसले, आणि ओरडा झाला तो निराळाच. वरून कैनाडच्या बायकांनी विहीणबाईंना नावं ठेवायला सुरुवात केली. लग्नात दोन्हीकडच्या बायका गाण्यांतून एकमेकींची उणीदुणी काढतात, तेच सुरू झालं. खालच्यांनी उत्तर दिलं. पाळणा अर्धा फिरला, खालचे वर गेले, आणि आता त्यांची पाळी. पाळणा थांबवून दुसरी पेटी भरतोय याचं कुणाला भानच नव्हतं. उलट लाडक्याबाबा वरून म्हणाले, "सावकाश भर, आमचा अजून संपला नाय."

सगळ्या पेट्या भरल्या. छगनभाईंनी पट्टा चढवला. इंजिन एका सुरात चालत राहिलं आणि पाळणा फिरायला लागला, वाळूनं फिरला होता त्याहून गोड. कैनाड वर, रानशेत खाली. रानशेत वर, कैनाड खाली. सोनी एकदा माहेराकडे बघून हात करत होती, एकदा सासूच्या पदराला धरत होती. मला इतका आनंद झाला की मी चुरीला मिठी मारली. तो म्हणाला, "सोड, गोळ्याचं काय ते सांग."

मग काय, रांगच जोड्यांनी लागली. छगनभाई कुंपणावर चढून ओरडत होते, "तुमचे वेवाई कुठे? वेवाई घेऊन या!" माणसं जत्राभर आपले सोयरे शोधत फिरली. ज्यांचे आले नव्हते त्यांनी त्यांच्याकडे निरोप धाडले.

दुपारी मामलेदार साहेब आले. सौभाग्यवती, मेहुणी, सगळे. आता त्यांचे सोयरे कुठून आणायचे? मी, चुरी, सावे मास्तर आणि वजनाला म्हणून तालुक्याचे जाडजूड हेडक्लार्क, असे समोर बसलो. पाळणा सुरेख फिरला. गोळा आला, भरपूर आला, उतरताना. सावे मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

खाली उतरल्यावर साहेबांनी टोपी सारखी केली आणि मला बाजूला घेतलं. छगनभाई लांबून हात जोडून बघत होते.

"ओव्हरसियर, ते मागं फिरणं?"

"कायमचं बंद, साहेब. आता फिरणार नाही."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. त्या तोंड पाडून उभ्या होत्या.

"अहो, हिला तेच बघायचं होतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "सकाळपासून माझ्या मागं लागली होती."

सील लागलं नाही. छगनभाई पुढं बरीच वर्षं आमच्या जत्रेला येत राहिले, आणि दर वर्षी कुंपणावर चढून वेवाई, वेवाई ओरडत राहिले. सावे मास्तर मात्र अखेरपर्यंत म्हणायचे की मी एका चांगल्या पाळण्याचं वाटोळं केलं.

नोकरीत त्यानंतर मी पूल, जेट्ट्या, पाण्याच्या टाक्या, पुष्कळ टेस्ट केलं. वाळूची पोती भरायच्या आधी एक प्रश्न मात्र कधी चुकवला नाही. यावर येणार ती माणसं कोण, आणि कुणाबरोबर येणार? पोत्यांना सोयरे नसतात, माणसांना असतात.