घरात न ठेवायचं पत्र

दादा मस्कतला होता. आईला मेल लिहायचा, मी वाचून दाखवायचो. उत्तर ती सांगायची, मी टाइप करायचो. नवा मेल उघडायचा मला कायम कंटाळा. त्याच्या शेवटच्या मेलखालीच 'रिप्लाय' दाबायचं की झालं. अशी सहा वर्षांची पत्रं एकाच माळेत ओवली गेली.

दादा अचानक गेल्याचं फोनवर कळलं होतं. पंधरा दिवसांनी वहिनीचा मेल आला, दादाच्याच पत्त्यावरून, त्याच माळेत. शेवटच्या दिवशी काय काय झालं, ते तिने सगळं लिहिलं होतं. मी वाचलं. आई म्हणाली, "असं पत्र घरात नाही ठेवत. फाडून टाक."

मयताचं पत्र वाचून झालं की फाडायचं, ही आमच्याकडची रीतच. मी डिलीट दाबलं.

"गेलं?"

"कचरापेटीत गेलं."

"पेटी तर घरातच आहे ना. खाली कर तिला."

केली. आज्ञाधारकपणा मला नेमका नको तेव्हा सुचतो.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "त्यानं गच्चीवर केळ लावली, ते पत्र लाव जरा." शोधलं तर एकही पत्र नाही. एक मेल फाडायला गेलो आणि सगळी माळ फाडून बसलो. आईला खरं ते सांगितलं. ती आत निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेलवाल्यांना विनंती केली. पेटी रिकामी केल्यावर आमच्याही हातात काही नाही, असं उत्तर आलं.

मी बऱ्हाणपुरातल्या एका कॉलेजात क्लार्क. ऑफिसात नेपानगरहून येणाऱ्या एक मॅडम कॉम्प्युटरच्या जाणकार. त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी पुराना कॉम्प्युटर असेल ना? त्यात मेल उतरायचे?"

उतरायचे. चार महिन्यांपूर्वी लॅपटॉप घेतला, तेव्हापासून तो जुना कॉम्प्युटर चादरीखाली पडून होता.

"मग घाई नका करू. पहिले नेटची वायर काढा, मगच चालू करा. नेट मिळालं की तिकडे जे पुसलं, ते तो इथलंही पुसून टाकेल."

वायर काढली. दोनदा पाहिलं, मग बटण दाबलं. शेवटचे चार महिने सोडून सगळी पत्रं तिथे होती. मी रडलो, सांगायला लाज कसली. मग दोन पेन ड्राइव्हवर उतरवली, दोन्ही उघडून पाहिले, आणि एक जसोंडीला बहिणीच्या कपाटात नेऊन ठेवला. एकाच घरात दोन्ही ठेवण्याइतका माझ्यावर माझाच भरवसा उरला नव्हता.

संध्याकाळी आईला त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्यातलं शेवटचं पत्र वाचलं. केळीला फूल आलंय, आता काय करू, असं दादाने विचारलं होतं.

"वहिनीचं ते पत्र आहे का याच्यात?" आईने विचारलं.

"नाही. ते नंतर आलं. याला नेट जोडलं नाही ना, म्हणून याला ते माहीतच नाही."

आईने पदराने पडदा पुसला.

"मग नकोच जोडू," ती म्हणाली.