जामिनावर सुटलेल्याची मिरवणूक

मंडळी, आज सकाळी आमच्या बोरी बुद्रुकमध्ये डीजे वाजला. लग्न नव्हतं, जत्रा नव्हती. कोयत्याने वार करणारा गावातलाच एकजण जामिनावर सुटून आला होता.

वार केले होते माझे शेजारी दत्ताभाऊंवर. भर रस्त्यात कोयत्याने वाढदिवसाचा केक कापणाऱ्या टोळक्याला ते एवढंच म्हणाले होते, "बायाबापड्या जात्यात इथनं, जरा बाजूला व्हा." तेव्हापासून त्यांचा उजवा हात मनगटापासून नाही.

मिरवणूक गल्लीत शिरली तशा वहिनी दार लावायला धावल्या. दत्ताभाऊ म्हणाले, "न्हाई लावायचं. आपुन काय चोरी केलीय का?" आणि ओट्यावर येऊन बसले. मीही शेजारी जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, बसताना दाराजवळची जागा धरली.

तो जीपमधून उतरला. मागे मोबाईलवर शूटिंग चालू. पाया पडून म्हणाला, "काका, झालं गेलं इसरा. आशीर्वाद द्या."

दत्ताभाऊंनी उपरण्याखालचा थोटा हात बाहेर काढला. "कुठल्या हातानं देऊ, राव?"

तो हसला, उठला आणि गाडीत जाऊन बसला.

दुपारी रील आली. दत्ताभाऊंचा आवाज काढून वर गाणं टाकलंय. खाली लिहिलंय, 'काकांनी मोठ्या मनाने माफ केलं.' त्यावर लाल बदाम टाकणारी आपल्याच गावची माणसं आहेत. दवाखान्यात दत्ताभाऊंना भेटून डोळे पुसणारीसुद्धा.

भीतीपोटी टाकले असतील, तर मी समजू शकतो. पण खरंच आवडलं असेल, तर उद्या त्या ओट्यासमोरून जाताना कुठे बघणार आहात?