माझा नारळ दुसरीनेच देवाला दिला

देवाचं नाव पुढे करून मी चार-पाच महिने खोटं बोलले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं लिहिताना मी पुन्हा स्वतःची बाजू सावरून घेईन, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पेणजवळच्या जोह्याला आमचा गणपतीचा कारखाना आहे. नवरा साच्यातून मूर्ती काढतो, सासूबाई पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे. शाडूची माती मळताना तिच्यात मुगाएवढा खडा असला तरी माझ्या बोटांना कळतो. त्याच बोटांना एका सकाळी अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सोनोग्राफीची चिठ्ठी दिली आणि लगेच करून आणायला सांगितलं. मी ती चिठ्ठी ब्रशच्या डब्यात तळाशी ठेवली. माझ्या डब्याला घरात कुणी हात लावत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग माझी टाळाटाळ सुरू झाली. ज्येष्ठात म्हटलं, आधी मूर्ती रंगू देत. श्रावणात म्हटलं, गणपती कारखान्यातून निघू देत. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला, म्हणून नको. मग घट बसले, म्हणून तर नकोच. मनाला वाटायचं, देवाची एवढी सेवा करते आहे, तो बघून घेईल. खरं कारण वेगळंच होतं. सोनोग्राफीला पुरुष डॉक्टर असतो, असं ऐकलं होतं. आणि त्याहून मोठी भीती ही, की वाईट काही निघालं तर रोगी बाईने आखलेल्या डोळ्यांचा गणपती कोण घरी नेईल? रोज देवाच्या डोळ्यांत रंग भरत होते आणि त्याच्याच आड लपत होते. आज आठवलं की मान खाली जाते.

दसऱ्यानंतर गाठ वाढल्याचं बोटांनीच सांगितलं. पेणला ओळखीची माणसं फार, म्हणून रोह्याला जायचं ठरवलं. घरी सांगितलं, "रोह्याच्या धावीर महाराजांना नवस बोलले होते, फेडून येते." सासूबाईंनी ढिगातला चांगला नारळ निवडला, त्याला हळदकुंकू लावलं आणि माझ्या पिशवीत घातला. "माझापण नमस्कार सांग गो," म्हणाल्या. एसटीत तो नारळ मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत नागोठणं आलं तेव्हा उतरून परत फिरावं असं फार वाटलं.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. मिठागरावर राबलेली असावी. तळहातांना पांढऱ्या भेगा होत्या. आतून पुरुषाचा आवाज आला तशी मी पिशवी उचलून उठले.

"कुठं चाललीस गो?" तिने विचारलं.

"आत बाप्या डॉक्टर आहे," मी कुजबुजले.

"तं काय झाला? तो गाठ बगतो, तुला नाय बगत." मग माझं मनगट धरून म्हणाली, "माजा नंबर हाय आता. मना एकटीला भ्या वाटतंय. आत चल माज्यासंगती."

म्हातारीला नाही कसं म्हणणार? आत गेले. सोबतीला कोण, असं सिस्टरने विचारल्यावर तिने बिनदिक्कत सांगितलं, "माजी पोर हाय." डॉक्टरांनी तिच्या छातीवर गार जेल लावलं, हातातलं यंत्र हळूहळू फिरवलं. पडद्यावर करड्या रंगात एक काळा गोल दिसला. "आजी, दरवर्षीसारखंच आहे. नुसती पाण्याची गाठ. घाबरू नका," ते म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही बाई दरवर्षी येते आहे. तिला कसली भीती? माझं मनगट धरलेला तिचा हात मुळीच कापत नव्हता. भीती होती ती मला.

लगेच माझा नंबर आला. म्हातारी बाहेर गेलीच नाही. "डावा हात वर करून डोक्यामागे घ्या," डॉक्टर म्हणाले. कितीतरी महिने तो हात मी अंगाशी घट्ट आवळून ठेवला होता. वर केला आणि रडू फुटलं. पडद्यावर माझी गाठ दिसली. भरीव होती. कड वेडीवाकडी होती. माझा जन्म नेटकी रेघ काढण्यात गेला आहे, त्यामुळे डॉक्टर बोलायच्या आधीच मला कळलं. सुईने तपासायला हवं, उशीर करू नका, एवढंच ते म्हणाले.

बाहेर येऊन मी म्हातारीला सगळं सांगितलं, नारळाचं खोटंसुद्धा. ती सकाळीच महाराजांच्या देवळात जाऊन आली होती. तिने आपल्या पिशवीतली खोबऱ्याची वाटी माझ्या हातावर ठेवली. "हा परसाद ने घरा. तुजा नारल मना दे, जाताना मी देवाला देते. तू आदी घरच्यांना सांग." मी नाव विचारायच्या आत नारळ घेऊन ती चालू लागली.

घरी पोहोचले तर सासूबाई ओसरीवर वाट बघत होत्या. "दर्शन झालं?" म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी वाटी दिली. त्यांनी ती कपाळाला लावली. माझं खोटं पुरतं झाकलं गेलं होतं. नारळ देवाला पोहोचला होता, प्रसाद घरात आला होता, आता कुणाला काही कळणार नव्हतं. म्हणूनच मला गप्प राहवेना. मी तिथेच पायरीवर बसले आणि ब्रशच्या डब्यापासून सगळं सांगितलं.

सासूबाईंनी वाटी पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, "देव काय रागवायचा नाय गो. पण आम्ही कोण तुझी? आम्हाला का नाय सांगितलंस?"

सुईच्या तपासात गाठ वाईटच निघाली. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. त्याच्या पुढच्या वर्षी डाव्या हातात जोर नव्हता, तर सासूबाई मूर्तीचा पाट धरून बसायच्या आणि मी आखणी करायचे. गिऱ्हाइकांना सगळं माहीत होतं. एकानेही मूर्ती नाकारली नाही.

ती म्हातारी साधी बाई होती की देवानेच धाडलेली, यावर मी वाद घालत नाही. रोह्याला तपासणीला गेले की आता देवळातही जाते. महाराजांसमोर हात जोडायच्या आधी डावा हात वर करून डोक्यामागे घेते. लोक बघतात. बघू देत.