बाबांच्या गाडीचे कंपनीचे टायर

बाबांनी गांधीबागेत कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं माल दाखवला. लग्नाचा शालू विकला की नवरीच्या आईला ते हमखास बजावायचे, "वर्षातून दोनदा काढून घडी बदलत जा बाई, नाहीतर न नेसताच घडीवर फाटते." रिटायर झाल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली कार घेतली आणि हुडकेश्वरच्या आमच्या घरासमोर कव्हर घालून उभी करून ठेवली. चालवायची म्हणजे रविवारी भाजीला, नाहीतर कोणाच्या लग्नाला. बाकी नुसती चाकरी! दर रविवारी फडक्यानं पुसून चारही टायरना खोबरेल तेल चोळायचे. आई चिडवायची, "माझ्या डोक्याले कधी इतकं तेल लावलं नाही वं तुझ्या बापानं."

सात वर्षं अशी गेली. मग मला कळमेश्वरला एका कारखान्यात नोकरी लागली. रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आणि पुढे गावाबाहेर जायचं, म्हणून बाबांनी आपणहून किल्ली माझ्या हातात दिली. त्यांचा जीव त्या गाडीत होता, तरी दिली.

सरावाला म्हणून रिंगरोडवर नेली. पुढे गळका टँकर गेला होता, रस्ता ओला. सिग्नलला ब्रेक दाबला तर गाडी थांबायचं नाव घेईना, सरकतच गेली आणि समोरच्या स्कूटीपासून हातभर अंतरावर थांबली. स्कूटीवर एक बाई आणि तिची शाळेतली पोरगी. बाईनं मागे वळून मला जे काही सुनावलं, ते मी गुमान ऐकून घेतलं.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, टायर रस्ता धरत नाहीत, बदलावे लागतील."

"काहून? टायरची नक्षी पाह्य ना, जशीच्या तशी आहे. वापरलाच नाही तर जुना कसा होईन? आणि कंपनीनं लावलेला माल आहे तो. कंपनीले अक्कल नाही का?"

मी काही कमी तापट नाही. "आज एका लेकरावर गाडी गेली असती बाबा! तुमची कंपनी येणार होती का तिथं?" असं ओरडले. बाबा जेवले नाहीत. मीही नाही.

सकाळी मात्र तेच आधी गाडीत जाऊन बसले. टायरवाल्यानं चाकाजवळ बसून अंगठ्यानं रबर दाबलं.

"काकाजी, कंपनीचे टायर वाईट नसतात. पण नव्या गाडीचा अ‍ॅव्हरेज चांगला दिसला पाहिजे, म्हणून पुष्कळदा हलके फिरणारे देतात, पकड जरा कमी. आणि हे तर उभ्याउभ्याच म्हातारे झाले. दगड झाला दगड!" मग त्यानं बोटं नाकाशी नेली. "याले तेल कोण लावून राहिलं होतं?"

बाबांनी मान खाली घातली. रात्रभर मनात घोळवलेली सगळी तिखट उत्तरं मी तिथंच सोडून दिली.

"मी," म्हटलं.

"ताई, तेलानं रबर खराब होते. एवढी शिकलेली दिसता तुम्ही!"

"चुकलं भाऊ."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसले. टायरच्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा होत्या. जन्मभर कापड चाचपलेलं बोट त्यांनी एकेका भेगेवरून फिरवलं.

"घडीवरच फाटला," ते म्हणाले. "चारही नवे लाव गा. चांगले लाव. पोरगी रोज जाईन यावर."

येताना गाडीत मला फार रडू येत होतं, खरं सांगते.

नोकरीचा पहिला दिवस. डबा घेऊन बाहेर आले तर बाबा पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले, हातात फडकं. मला पाहताच चोरी पकडल्यासारखे उठले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडून दाखवले. कोरडे होते.

"तेल नाही लावलं वं," ते म्हणाले. "नुसतं पाहून राहिलो होतो."